बोअर क्रमांक सातमधले बदल

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, दरेकसाच्या कोअर शेडच्या फाटकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वहीत माझ्या नावापुढे 'काम' या रकान्यात 'स्वयंपाक' असं लिहिलं गेलं. तारीख आणि वेळ आधी लिहिते आहे, कारण शाळेत सिस्टरांनी हीच शिस्त लावली होती. तक्रार करायची तर डोळ्यांत पाणी आणून करायची नाही, घड्याळात बघून करायची.

पहारेकऱ्याचं नाव केवळराम. विचारलं तेव्हा तो म्हणाला की या वयाची बाई येऊन राहिली म्हणजे मेसवालीच असन, दुसरं काय? मी त्याच्याच पेनाने ते खोडलं, 'भूवैज्ञानिक' असं दुप्पट मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि सही ठोकली: रेणू नंदेश्वर. एकतीस वर्षं सरकारी खात्यात दगड फोडले, निवृत्त होऊन सात वर्षं झाली, आणि अजून मी भाजी चिरायला आले आहे असंच लोकांना वाटतं. केवळरामने माझं अक्षर निरखून बघितलं आणि विचारलं की मग मेसवाली कधी येणार आहे.

तरीही मी खूश आहे. फुलचूरला अल्काच्या, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी सात वर्षं नुसती बसून होते. दूधवाल्याशी भांडून झालं, पेपरवाल्याशी भांडून झालं, सरपंचाशी दोनदा. हे काम आलं तेव्हा अल्का म्हणाली की जा बाई, गल्लीला जरा विश्रांती मिळेल. सकाळच्या गाडीने आले. स्टेशनवर उतरणारी मी आणि एक शेळीवाला. समोर डोंगर, मोहाची झाडं, आणि जुन्या राइस मिलच्या गोदामात थाटलेली आमची कोअर शेड. अजून कोंड्याचा वास येतो. मला दोन खोल्या, एक टेबल आणि चांगला उजेड मिळाला आहे. भिंग, चाकू, ॲसिडची बाटली लावून ठेवली. हात शिवशिवत होते.

बुधवार, ८ जानेवारी

काम असं आहे. टेकडीपलीकडे तांब्यासाठी बोअर मारत आहेत. मशीन जमिनीत पोकळ नळी फिरवत नेते आणि आतून दगडाचा दांडा वर येतो, काकडीएवढा जाड. त्याला कोअर म्हणतात. मीटर-मीटरचे तुकडे पत्र्याच्या पेट्यांतल्या खणांत ओळीने ठेवायचे, मध्ये खोली लिहिलेली लाकडी ठोकळी लावायची. मग ते धुवायचे, करवतीवर उभे चिरायचे, आणि मी बघून लिहायचं. आतापर्यंत सात बोअर झाले. पहिल्या सहांत काही नाही. सातव्यात आहे.

तांबं आधी दिसत नाही. आधी दिसतं ते त्याने केलेलं नुकसान. खालून तापलेलं पाणी भेगांतून चढतं आणि वाटेतला दगड शिजवून त्याचा दुसराच दगड करतं. लांबून सुरुवात होते ती हिरव्याने: ग्रॅनाइटमधला काळा अभ्रक हिरवा पडतो, भेगांत पिस्त्याच्या रंगाच्या रेघा येतात. त्याच्या आत गेलं की पांढरं: फेल्डस्पारचे काचेसारखे दाणे मेणचट होतात, मग मऊ, नखाने ओरखडा निघतो. त्याच्या आत रेशमी: अतिसूक्ष्म अभ्रक, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी चकाकी. आणि सगळ्यांत आत, जिथे सगळ्यांत जास्त शिजलं, तिथे गुलाबी. ताजा, टवटवीत, अगदी निरोगी दिसणारा गुलाबी दगड, त्यात पितळी कण. नवख्या पोरांना तोच मूळचा, न बिघडलेला दगड वाटतो. खरं म्हणजे तिथे मूळचा एक दाणाही उरलेला नसतो. दाण्याची चौकट जशीच्या तशी राहते, आत माल नवा.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी कॉलेजात हे शिकले तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं. अजून वाटतं.

शनिवार, ११ जानेवारी

पार्वताबाईशी गट्टी जमली. पन्नाशीची, काटक, कोअर धुण्याचं काम तिचं. सकाळी आठपासून पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत हात. गुडघे धरलेले, तरी तोंड चालूच. मुकादमाला 'भाताचा बुजगावणा' म्हणते आणि तो ते ऐकून घेतो. मला पहिल्याच दिवशी विचारलं की मॅडम, लग्न काऊन नाही केलं, दगडासंगच मन लागलं का? मी म्हटलं की दगड उलटून बोलत नाही. तर म्हणाली की मग आमचा बुढा दगडच आहे म्हना, तुमीच ठेवा त्याले.

आज तिने मला सातव्या बोअरचा तुकडा चाटताना पकडलं. पांढरा दगड माती झाला आहे की नाही हे ओळखायची सगळ्यांत जुनी रीत म्हणजे जीभ. माती झालेला दगड जिभेला चिकटतो. आमच्या पिढीचा प्रत्येक माणूस चाटतो. दोनशे चौदा मीटरवरचा तुकडा असा चिकटला की ओढून काढावा लागला. पार्वताबाई कंबर धरून हसली, म्हणाली की घरी मीठ नाही का मॅडम, गोटे चाटून राहिले ते! मग मी तिला रीत समजावली. तिने लगेच करून बघितली. जेवणाच्या सुट्टीनंतर येऊन बघते तर बाईने वीस पेट्यांतले पांढरे तुकडे जिभेने तपासून खडूने खुणा केल्या होत्या. एकही चूक नाही. बी.एस्सी.च्या पोरांना हे दोन वर्षांत येत नाही. मी तिला शाबासकी दिली.

शुक्रवार, १७ जानेवारी

करवतीवर बिसराम असतो. पहिल्या बोअरपासूनचा माणूस. दिवसभर कोअर चिरतो, करवतीचं चिखलपाणी तोंडावर उडत असतं. मास्क द्या, चष्मे द्या, रविवारची सुट्टी द्या, म्हणून सहा महिने सगळ्यांशी भांडत आला, असं पार्वताबाई सांगते. साहेबाच्या टेबलावर चिखलाची बादली ओतणारा तो हाच.

पण मला दिसतो तो बिसराम भांडत नाही. शिवी नाही, तक्रार नाही. गाल गुलाबी, चेहरा तुकतुकीत. पार्वताबाई म्हणते की हा जवान होऊन राहिला, बायको याले कायले खाऊ घालते ते विचारतो एकदा. मी त्याला मास्कबद्दल छेडलं. तो हसला आणि म्हणाला की सब ठीक आहे मॅडम.

सहा महिने लढलेला माणूस एका वाक्यात असा मिटतो, याचाच मला राग आला.

गुरुवार, २३ जानेवारी

पार्वताबाईच्या नखांच्या कडा हिरव्या आहेत. शेवाळ असेल म्हणून तिने राख लावून घासलं. मी भिंगातून बघितलं. रंग वरचा नाही, आतला आहे. नखाच्या मुळापासून पिस्त्याच्या रंगाच्या बारीक रेघा निघाल्या आहेत आणि त्या एकमेकींना छेदतात.

असं जाळं मी हजारदा कागदावर काढलं आहे.

साहेबाला, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर भूपेंद्र रहांगडालेला जाऊन सांगितलं. चौतीस वर्षांचा, केस बसवलेले, माझ्याशी बोलताना अर्धं लक्ष मोबाईलमध्ये. म्हणाला की मॅडम, टेन्शन मत लो, तांब्याच्या जागेवर हात हिरवा नाही होणार तर काय निळा होणार? आणि स्वतःच्या विनोदावर हसला. मी त्याला सांगितलं की या कोअरमध्ये तांबं पितळी रंगाचं आहे, हिरवं नाही, आणि तुमची पदवी कोणत्या विद्यापीठाची ते मला लिहून द्या. ते काही मिळालं नाही. हातमोजे मागितले, मागवतो म्हणाला.

बुधवार, २९ जानेवारी

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. मी स्वतः बघितलं, चार फुटांवरून.

बिसरामची डावी करंगळी करवतीखाली गेली. दोन पेरं. करवतीचा आवाज बदलला नाही. दगड चिरताना जो येतो तोच. तो ओरडला नाही. रक्त नाही. एक थेंबही नाही. चिरलेला भाग गुलाबी होता, घट्ट, बारीक दाण्याचा, आणि त्यात पितळी कण चमकत होते.

त्याने पेरं उचलली, पाण्यात बुचकळली, आणि पेटीतल्या खणात शेवटच्या तुकड्यापुढे ठेवली. जोडाला जोड लावून, आम्ही ठेवतो तशी. मग एक ठोकळी घेतली, पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, लावली, माझ्याकडे बघून हसला. नीट ठेवलं ना, असं विचारल्यासारखा.

मी किंचाळले. पार्वताबाईने मला धरलं. तिचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो गार होता आणि थोडा खरखरीत.

भूपेंद्रचं म्हणणं असं: रक्त नाही म्हणजे अपघात नाही. बिसरामने तसं सही करून दिलं आहे. सही मी बघितली. वळणदार, सुबक. केवळराम म्हणाला की बिसराम तर अंगठा लावत होता.

शनिवार, १ फेब्रुवारी

आज मी पार्वताबाईच्या उजव्या हाताची नोंद केली. कोअरची करते तशीच, मीटरऐवजी सेंटिमीटर. बोटांच्या टोकापासून अकरा सेंटिमीटरपर्यंत पांढरं, मेणचट, नखाने ओरखडा निघतो, ओरखड्यात पांढरी पूड, वेदना नाही. पाण्याचा थेंब ठेवला तर घरंगळत नाही, आत जिरतो. अकरा ते एकोणीस हिरव्या रेघा, त्वचा निबर. एकोणीसच्या पुढे ताजी. तिथे चिमटा घेतला तेव्हा ती मला भवाने म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा घेतला.

मग तिने विचारलं की मॅडम, हे मरनाचं आहे का? मी खोटं बोलले नाही. म्हटलं की माहीत नाही, पण मी थांबवते. ती म्हणाली की दुखत नाही हेच खराब वाटते, दुखलं असतं तर समजलं असतं.

आणि मग विचारलं की जीभ लावून राहिली होती, त्याच्यानं तर नाही?

ही माझी चूक आहे. मी शिकवलं. इथे लिहून ठेवते, कोणी मागाहून म्हणायला नको की तिने लपवलं.

साडेनऊला नोंद भूपेंद्रच्या हातात दिली. दुपारी चार वाजता कॉम्प्युटरवर बघते तर माझ्या नावाखाली, माझ्या सहीसकट, लिहिलेलं: 'ताजा ग्रॅनाइट. बदल नाही.' माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत माझी नोंद कोणी बदलली नव्हती. मंत्र्याचा माणूस आला होता एकदा, त्यालाही जमलं नव्हतं. मी भूपेंद्रच्या टेबलावरचा चहा त्याच्या की-बोर्डवर ओतला. तो म्हणाला की मॅडम, आप भी ना.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पेच आता असा आहे. शनिवारी, पंधरा तारखेला, सकाळी आठ वाजता गावातल्या अकरा बाया धुण्याच्या कामावर येणार. आणखी तीन मशीन लागली आहेत, टाक्या वाढल्या आहेत. यादी फाटकावर चिकटवली आहे. पहिलंच नाव रुख्मा, पार्वताबाईची सून.

सातवा बोअर बुजवला पाहिजे. शेडला टाळं लागलं पाहिजे. पंधरा तारखेच्या आत. मुख्य कार्यालयाला दोन मेल पाठवले. उत्तर आलं की आपला अभिप्राय मौल्यवान आहे.

मौल्यवान!

पार्वताबाईला घेऊन दवाखान्यात गेले. तरुण डॉक्टरीण बाई, मनापासून तपासलं तिने. तिचा दोष नाही, तिने कधी कोअर बघितलेला नाही. म्हणाली की नाडी संथ आहे, पण रंग छान आहे. रंग छान आहे. तेव्हा मी पार्वताबाईच्या चेहऱ्याकडे बघितलं. गालांवर कांद्याच्या पापुद्र्याची चकाकी.

परतताना जीपमध्ये ती एकदाही बोलली नाही. रस्त्यात मुकादम दिसला, त्यालाही काही म्हणाली नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गावात गेले. अकराही जणींच्या घरी. सांगितलं, हात दाखवून, चित्र काढून. त्या ऐकतात. चहा देतात. मग म्हणतात की पार्वताबाईकडे बघा ना मॅडम, केवढी तेजदार होऊन राहिली. गुडघे धरले होते तिचे, आता पोरीवानी उठबस करते. आमालेही तेच काम पायजे.

रुख्मा सगळ्यांत पुढे. म्हणाली की सासू दहा वर्षांत पहिल्यांदा मले काहीच बोलली नाही. भाजीत मीठ नव्हतं, तरी खाल्ली. हसून खाल्ली. तुमचं काय जाते मॅडम, आमचं घर सुखात आहे तर.

मी तिला म्हटलं की अगं मूर्ख मुली, ती तुझी सासू नाही. तिला वाईट वाटलं. दार लावून घेतलं.

मी असं बोलायला नको होतं. पण खरं आहे. आकार तोच. माल—

रविवार, ९ फेब्रुवारी

उजवा अंगठा. नखाची कड. हिरवी.

भिंगातून दोनदा बघितलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

चहाला चव नाही, आठवडा झाला. जिभेवर पाणी ठेवलं की गिळायच्या आधीच आत जिरतं. आज आरशात जीभ बघितली. पांढरी, कोरडी. चाकूची बोथट बाजू फिरवली. पूड निघाली.

माझी मीच नोंद केली. अक्षर नीट ठेवलं.

अल्काला फोन केला नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

पार्वताबाई सकाळी आठला हजर. गुलाबी. दोन्ही हात खांद्यापर्यंत, मान, गाल. सुंदर दिसते, म्हणायला शरम वाटते.

मी तिला ओळखीच्या सगळ्या शिव्या दिल्या. भवाने म्हटलं. तुझा बुढा दगड आहे म्हटलं. ती हसली. बरं मॅडम, म्हणाली. बरं मॅडम!

दंडाला चिमटा घेतला. नख मोडलं. माझं.

बोटाने टकटक केलं. घट्ट दगड वाजतो तसा आवाज.

गेली. माझ्यासमोर, भर दिवसा, पाच आठवड्यांत, दाणा दाणा. आणि ती तिथेच उभी राहून कोअर धूत होती.

मी हिला माणूस म्हणून परत मागणार कोणाकडे? कोणाच्या टेबलावर जाऊन—

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी भूपेंद्र येऊन म्हणाला की शनिवारी नवीन बायांना काम तुम्हीच शिकवा, तुम्ही छान शिकवता. मी बरं म्हटलं.

बरं म्हटलं. मी.

दहा मिनिटांनी लक्षात आलं. पळत गेले, नाही म्हणून सांगितलं, ओरडून सांगितलं. पण ओरडताना छातीत काही नव्हतं. ओरडण्याची नक्कल केल्यासारखं.

अल्काचा फोन. पाच मिनिटं बोललो. शेवटी तिने विचारलं की ताई, तू बरी आहेस ना? मी विचारलं काय झालं. म्हणाली की काही नाही गं, आज किती गोड बोललीस. एकदाही टोचून नाही. मला जरा कसंतरीच झालं.

तिने फोन ठेवला.

हेच आधी जातं तर. हाड नाही, कातडी नाही. बिसरामचंही हेच गेलं. पार्वताबाईचंही. कोणाला कळत नाही, कारण ते गेलं की माणूस सगळ्यांना आवडायला लागतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पौर्णिमा. कचारगडच्या जत्रेची गर्दी, स्टेशन माणसांनी भरलेलं. ढोल इथपर्यंत ऐकू येतात. गाडीत चढून जावं असा विचार केला. फुलचूर. अल्का.

गेले तर शनिवारी त्या अकरा जणींना कोण—

राहिले.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट पांढरं. पेन धरलेलं कळत नाही, बघावं लागतं.

तासातासाने स्वतःला राग आणून बघते. 'स्वयंपाक' आठवून: येतो. भूपेंद्रचा मोबाईल आठवून: थोडा. 'ताजा ग्रॅनाइट, बदल नाही' आठवून: येतो, येतो, चांगला येतो. हिरव्यात काळा अभ्रक कुठे कुठे ताजा राहून जातो, तसा.

दुपारी आरशात गाल बघितले. रंग—

छान आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. सकाळी आठ पन्नास.

हे पत्र आहे. पान फाडून केवळरामच्या हाती देते, तो गोंदियाला जातो आहे, स्पीड पोस्ट करेल. फोटो काढून मेलही करते. त्याने विचारलं की मॅडम, तुमीही बिसरामसारख्या होऊन राहिल्या का? या शेडमध्ये मला हे विचारणारा तो एकटा. पहिल्या दिवशी उगाच झापलं त्याला.

नाही, उगाच नाही. झापलं ते बरोबर होतं.

संचालक, मुख्य कार्यालय.

बोअर क्रमांक सात बुजवा. त्याच्या सगळ्या पेट्या सीलबंद करा. शेडचं पाणी नाल्यात सोडू नका. पंधरा तारखेची अकरा नावं रद्द करा, रुख्माचं सगळ्यांत आधी. दिनांक २९ जानेवारी, सकाळी अकरा वीस, बिसरामची करंगळी, ती अजून पेटीत आहे, जाऊन बघा, खण चौथा. दिनांक १ फेब्रुवारी, माझी नोंद बदलली. कोणी बदलली, कोणाच्या आदेशाने. पार्वताबाई कुठे आहे. ती टाकीजवळ उभी आहे असं लिहू नका. ती कुठे आहे.

लेखी उत्तर हवं. तोंडी नको, फोनवर नको, भूपेंद्रच्या हातून नको. शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळी पाच वाजण्याच्या आत. पोस्ट पोचलं नाही म्हणू नका, मेल पोचला आहे.

मुदत वाढवून मागू नका. मागाल तर मी देईन, हीच मला भीती आहे. पाचनंतर तुम्ही काहीही लिहून पाठवलंत तरी मी वाचून बरं म्हणेन. शनिवारी आठ वाजता त्या अकरा जणींना मीच फाटकातून आत घेईन. हसून. त्यांना मी आवडेन.

म्हणून पाचच्या आत. लेखी. अजून मला तुमचा राग येतो आहे तोवर. आत्ता, नऊ वाजून दहा मिनिटांनी, येतो आहे. नऊ वीसला बघितलं, होता. नऊ तीस

नऊ तीसला बघितलं तेव्हा—